चावीची प्रत नेमकी कुणासाठी? सरकारी ‘की एस्क्रो’ला विरोध का झाला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. १९९०च्या दशकात अमेरिकी सरकारने व्यापारी सॉफ्टवेअरमधल्या एन्क्रिप्शनसाठी, म्हणजे दुसऱ्या कुणाला वाचता येऊ नये म्हणून माहिती गुप्त करण्यासाठी, ‘की एस्क्रो’ची योजना मांडली. माहिती बंद करणाऱ्या चावीची एक प्रत ठरलेल्या संस्थेकडे जमा राहील आणि तपास यंत्रणेने कायदेशीर आदेश आणला तरच ती बाहेर निघेल, अशी ती योजना. ती ऐच्छिक होती. तुमच्या कंपनीतही सगळ्या लॅपटॉपच्या ‘रिकव्हरी की’, म्हणजे पासवर्ड हरवला तर लॅपटॉप उघडणाऱ्या चाव्या, आयटी विभागाकडे असतात आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. बँकेच्या लॉकरचंही तसंच असतं, असं तुम्ही म्हणता. मग सॉफ्टवेअर कंपन्या, विद्यापीठांतले संशोधक, नागरी हक्क संघटना आणि साधे वापरकर्ते एकाच वेळी विरोधात का उभे राहिले? ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही त्याला यात कसली अडचण? आणि भारताशी याचा काय संबंध?

मी बँका आणि पेमेंट कंपन्यांसाठी चाव्यांच्या व्यवस्थापनाचं काम करते. चाव्या तयार करणं, त्यांच्या प्रती सांभाळणं, मुदत संपलेल्या चाव्या नष्ट करणं आणि हे सगळं ऑडिटरसमोर सिद्ध करणं, हे रोजचं काम आहे. त्यामुळे चावीची प्रत ठेवण्याला माझा सरसकट विरोध नाही. तरीही त्या योजनेला झालेला विरोध बरोबर होता असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचं कारण फक्त खासगीपणा हे नाही. ती प्रत वापरकर्त्याच्या गरजेतून निघालीच नव्हती. गरज दुसऱ्याची, खर्च आणि धोका मात्र वापरकर्त्याचा, अशी ती मांडणी होती.

आधी लॉकरबद्दल. लॉकर उघडायला दोन चाव्या लागतात, एक बँकेची आणि एक तुमची. तुमच्या चावीची प्रत बँकेकडे नसते. ती हरवली तर लॉकर फोडावा लागतो. त्यासाठी माणूस बोलवावा लागतो, साक्षीदार लागतात, कागदपत्रं होतात, कुलूप बदलावं लागतं आणि खर्चही येतो. तुमच्या परोक्ष लॉकर फोडला गेला, तरी पुढच्या वेळी गेल्यावर तुम्हाला ते कळल्याशिवाय राहत नाही. एस्क्रोमध्ये नेमकी हीच गोष्ट नाहीशी होते. जमा केलेल्या चावीने कुणी संदेश वाचला तर त्या संदेशावर कसलीही खूण राहत नाही.

आता तुमच्या कंपनीच्या लॅपटॉपबद्दल. चावीची प्रत ठेवावी की नाही हे परिस्थितीवर अवलंबून असतं, आणि माझ्यासमोर असा प्रश्न आला की मी चार गोष्टी विचारते. माहिती साठवलेली आहे की एकीकडून दुसरीकडे जाते आहे? प्रत कुणाच्या ताब्यात राहणार? ती वापरली गेली तर माहितीच्या मालकाला कळणार का? आणि ती फुटली तर नुकसान कोण सोसणार? तुमच्या लॅपटॉपवरची माहिती साठवलेली आहे, ती कंपनीच्या मालकीची आहे, प्रत कंपनीकडेच आहे आणि ती फुटली तर नुकसानही कंपनीचंच. कर्मचारी नोकरी सोडून गेला किंवा पासवर्ड विसरला तर काम अडायला नको, म्हणून ती प्रत ठेवलेली आहे. यात गैर काही नाही. ती नसेल तर मी उलट रिपोर्टमध्ये शेरा मारेन.

सरकारी एस्क्रोसाठी हेच चार प्रश्न विचारले तर चारही उत्तरं बदलतात. त्यातलं पहिलं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं आणि लोकांच्या सगळ्यात कमी लक्षात येणारं आहे. दोन माणसं फोनवर बोलतात किंवा ब्राउझर बँकेच्या सर्व्हरशी जोडला जातो, तेव्हा त्या एका संभाषणापुरती एक चावी तयार होते. तिला सेशन की म्हणतात. संभाषण संपलं की तिचं काम संपलं. फोन मध्येच कटला तर आपण परत लावतो, संदेश बिघडला तर पुन्हा पाठवतो. काल झालेल्या फोनची चावी आज परत मिळावी अशी बोलणाऱ्यांपैकी कुणाचीच गरज नसते. ती गरज फक्त मधे बसून ऐकणाऱ्याची असते. म्हणून साठवलेल्या माहितीसाठी कंपन्या स्वतःहून, पदरचे पैसे खर्चून चावीच्या प्रती ठेवतात, आणि प्रवासातल्या माहितीच्या चावीची प्रत ग्राहकाने मागितल्याचं मी माझ्या कामात पाहिलेलं नाही. अमेरिकी सरकारला मात्र मुख्यतः ही दुसरी चावी हवी होती, आणि ती मागताना युक्तिवाद पहिल्या चावीचा केला जात होता: चावी हरवली तर तुमचीच सोय होईल.

आता इतिहासाकडे. १६ एप्रिल १९९३ रोजी क्लिंटन सरकारने ‘क्लिपर’ चिप जाहीर केली. फोनवरचं संभाषण गुप्त करणारी ही चिप राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएसएने, तयार केलेली होती. तिच्यातला ‘स्किपजॅक’ अल्गोरिदम, म्हणजे माहिती गुप्त करण्याची गणिती पद्धत, ८० बिटांच्या चावीचा आणि गोपनीय होता. (चावीत जितके बिट जास्त, तितकं ती अंदाजाने शोधणं अवघड.) प्रत्येक चिपची चावी दोन तुकड्यांत दोन सरकारी खात्यांकडे राहणार होती. एक तुकडा मानकं ठरवणाऱ्या एनआयएसटीकडे, दुसरा अर्थखात्याच्या एका विभागाकडे. दोन्ही खाती शेवटी एकाच राष्ट्राध्यक्षाच्या हाताखाली येतात, हा आक्षेप पहिल्या दिवसापासून होता.

प्रत्येक संभाषणाच्या सुरुवातीला ही चिप १२८ बिटांचा एक तुकडा पाठवायची. त्याला ‘लीफ’ म्हणत. त्यात चिपच्या चावीने बंद केलेली सेशन की, चिपचा ३२ बिटांचा क्रमांक आणि १६ बिटांची पडताळणी संख्या असायची. समोरच्या चिपला ही पडताळणी जुळली नाही तर ती संभाषण उलगडायलाच नकार द्यायची. हेतू असा, की पोलिसांसाठीचा हा तुकडा काढून टाकून कुणी चिप वापरू नये. १९९४ मध्ये एटी अँड टी बेल लॅब्जमधले संशोधक मॅट ब्लेझ यांनी यातली फट दाखवली. १६ बिट म्हणजे फक्त ६५,५३६ शक्यता. यादृच्छिक तुकडे एकामागून एक देत राहायचं, त्यातला एखादा पडताळणीतून सुटतोच. चाचणीसाठी मिळालेल्या कार्डावर याला सरासरी पाऊण तासाच्या आत-बाहेर वेळ लागत होता. मग चिप मजबूत एन्क्रिप्शन करते आणि पोलिसांच्या हाती मात्र निरुपयोगी तुकडा येतो. ज्या संस्थेकडे जगातले सर्वोत्तम गणिती होते, तिच्याकडून बंद चिपमध्ये हे घडलं. ज्या गोष्टीत फट राहून चालणार नव्हती तिथेच ती राहिली, हे आमच्या क्षेत्रातले लोक आजही विसरलेले नाहीत.

लोकांची प्रतिक्रिया काय होती? क्लिपरचं हे तंत्र सरकारी मानक म्हणून अधिकृत करण्यापूर्वी सरकारने हरकती मागवल्या. तीनशेहून जास्त आल्या, बाजूने फक्त दोन. टाइम आणि सीएनएनने १९९४ मध्ये एक हजार अमेरिकनांची पाहणी केली, तेव्हा चिपची माहिती दिल्यावर ८० टक्के लोकांनी विरोध नोंदवला. नेटवरून फिरलेल्या विरोधाच्या निवेदनावर चाळीस हजारांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. १९९४ साली इंटरनेट किती थोड्या लोकांकडे होतं हे आठवलं तर हा आकडा मोठा आहे. हरकती आल्या तरी फेब्रुवारी १९९४ मध्ये मानक मंजूर झालंच होतं.

तुमचा प्रश्न मात्र सॉफ्टवेअरबद्दल आहे, आणि माझ्या मते खरी लढाई तिथेच झाली. जुलै १९९४ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्य मारिया कँटवेल यांना पत्र लिहिलं. कँटवेल या मायक्रोसॉफ्ट ज्या राज्यात आहे त्या वॉशिंग्टनच्या प्रतिनिधी, आणि एन्क्रिप्शनच्या निर्यातीवरची बंधनं सैल करण्याचं विधेयक त्यांनी आणलं होतं. संगणक आणि नेटवर्कसाठी वेगळा, सॉफ्टवेअरमध्ये करता येणारा, गोपनीय अल्गोरिदम नसलेला, खासगी संस्थांकडे चाव्या ठेवणारा पर्याय शोधू, असं गोर यांनी कबूल केलं. बऱ्याच लोकांना वाटलं, लढाई जिंकली.

ऑगस्ट १९९५ मध्ये तो पर्याय समोर आला आणि सप्टेंबरमध्ये मेरीलँडमधल्या गेदर्सबर्गला एनआयएसटीने उद्योगांना चर्चेला बोलावलं. आतापर्यंत ४० बिटांपेक्षा मोठ्या चावीचं सर्वसामान्य सॉफ्टवेअर अमेरिकेबाहेर विकायला सहज परवानगी मिळत नव्हती. आता ६४ बिटांपर्यंत मिळेल, पण चावी एस्क्रोत असेल तरच. त्यासाठीचे निकष एन्क्रिप्शनचं उत्पादन बनवणाऱ्याच्या नजरेने वाचून पाहा. चावी जमा झाल्याशिवाय उत्पादनातलं एन्क्रिप्शन सुरूच होता कामा नये. एस्क्रो नसलेल्या दुसऱ्या उत्पादनाशी ते बोलता कामा नये. एकावर एक दोन-तीनदा एन्क्रिप्शन करून ताकद वाढवता येऊ नये. चावी सांभाळणारी संस्था अमेरिकेत हवी, किंवा ज्या देशाशी तसा करार आहे तिथे. आणि एकदा चावी दिली की मंजूर मुदतीत तपास यंत्रणेला पुन्हा पुन्हा त्या संस्थेकडे जावं न लागता संदेश उलगडता आले पाहिजेत.

यातला दुसरा निकष कंपन्यांसाठी घातक होता. जगात आधीच वापरात असलेल्या कुठल्याही सॉफ्टवेअरशी न बोलणारं सॉफ्टवेअर कोण विकत घेणार? तुमचा ईमेल प्रोग्रॅम ज्यांच्याकडे तोच प्रोग्रॅम आहे त्यांच्याशीच गुप्तपणे बोलेल, असं सांगून बघा. चौथा निकष परदेशी ग्राहकाला घालवणारा होता. १९९६ सालची मुंबईतली किंवा फ्रँकफर्टमधली बँक, आपल्या व्यवहारांच्या चाव्या अमेरिकेत जमा आहेत हे माहीत असताना ते उत्पादन का घेईल? आणि शेवटचा निकष माझ्यासारख्या माणसाला सगळ्यात जास्त खटकतो. चावी राखणाऱ्याचं काम प्रत्येक वापर नोंदवणं हे असतं. इथे पहिल्या वापरानंतर त्याला बाजूलाच केलं होतं. मग आदेशात लिहिलेल्या मर्यादेच्या बाहेरचं काही वाचलं गेलं, तर ते कुणाच्या नोंदीत सापडणार?

आतापर्यंतचं एकत्र मांडायचं तर: साठवलेल्या माहितीच्या चावीची प्रत ही वापरकर्त्याची गरज आहे, प्रवासातल्या माहितीची नाही, चिपमधला पहिला प्रयत्न तांत्रिक फटीमुळे आणि अविश्वासामुळे बदनाम झाला, आणि सॉफ्टवेअरमधला दुसरा प्रयत्न बाजारात उभाच राहू शकत नव्हता. आता चाव्या ठेवण्याच्या कामाकडे जवळून बघू, कारण १९९६ नंतरचा वाद तिथेच अडला.

बँकेची मुख्य चावी आम्ही कशी तयार करतो ते सांगते. एका बंद खोलीत एचएसएम नावाचं, छेडछाड झाली तर स्वतःतल्या चाव्या पुसून टाकणारं यंत्र असतं. चावी तीन कंपोनंटमध्ये, म्हणजे तुकड्यांत, असते आणि ते सांभाळणारे तीन कस्टोडियन असतात. एक जण कीपॅडवर आपला कंपोनंट टाकतो तेव्हा बाकीचे दोघे पाठ फिरवून उभे राहतात. तिन्ही आत गेले की यंत्र ते एकत्र करून पडताळणीची सहा अक्षरं दाखवतं, ती कागदावरच्या सहा अक्षरांशी मोठ्याने वाचून जुळवतात. मग प्रत्येक जण आपला कागद क्रमांक छापलेल्या, उघडल्यास खूण राहणाऱ्या पाकिटात घालतो, पाकिटावर सही करतो आणि तीन पाकिटं तीन वेगळ्या तिजोऱ्यांत जातात. रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, पाकिटाचा क्रमांक, कारण आणि सगळ्यांच्या सह्या. पुढे कधी ती पाकिटं बाहेर काढायची वेळ आली तर तिघांना वेगवेगळ्या ठिकाणांहून बोलवावं लागतं, मंजुरी घ्यावी लागते, आणि बहुतेक वेळा त्यात दिवस जातो. तो दिवस मुद्दाम जाऊ दिलेला आहे. घाईत चावी बाहेर काढता येऊ नये, हीच या सगळ्याची रचना आहे.

आता याच्या शेजारी सरकारची अट ठेवा. ऑक्टोबर १९९६ मध्ये गोर यांनी नवी सवलत जाहीर केली: कंपनीने ‘की रिकव्हरी’ची सोय दोन वर्षांत तयार करण्याचं लेखी वचन दिलं, तर तोपर्यंत ५६ बिटांचं सॉफ्टवेअर निर्यात करता येईल. नाव बदललं, मागणी तीच होती. डिसेंबरअखेर आलेल्या नियमांत चावी सांभाळणाऱ्या संस्थेने मागणी आल्यापासून दोन तासांत चावी द्यावी अशी अट होती. दोन तास, रात्री, सुट्टीच्या दिवशीही. हे पाळायचं तर चाव्या पाकिटात आणि तिजोरीत ठेवताच येत नाहीत. त्या नेटवर्कला जोडलेल्या, सतत चालू असलेल्या यंत्रावर ठेवाव्या लागतात, आणि पाळ्यांत काम करणाऱ्या बऱ्याच माणसांना त्या बाहेर काढण्याचे अधिकार द्यावे लागतात. मागणी करणारा खरोखर पोलीस अधिकारी आहे का, कागद खरा आहे का, हे त्याच दोन तासांत ठरवायचं. तेही एका बँकेच्या काही चाव्यांसाठी नव्हे, कोट्यवधी लोकांच्या चाव्यांसाठी. मग ते ठिकाण जगातल्या प्रत्येक गुप्तहेर संस्थेचं आणि प्रत्येक टोळीचं पहिलं लक्ष्य होतं. एका कर्मचाऱ्याला फितवलं तरी पुरे.

मे १९९७ मध्ये व्हिटफील्ड डिफी, रोनाल्ड रिव्हेस्ट, रॉस अँडरसन, ब्रूस श्नायर यांच्यासह अकरा तज्ज्ञांनी की रिकव्हरीच्या धोक्यांवर जो अहवाल लिहिला, त्याचा गाभा हाच होता. सरकार वाईट आहे असं त्यांनी म्हटलं नव्हतं. अशी यंत्रणा सुरक्षितपणे, इतक्या प्रमाणावर आणि परवडणाऱ्या खर्चात कशी बांधायची हे कुणालाच माहीत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. मला तो आजही बिनतोड वाटतो. पुढे २००४-०५ मध्ये ग्रीसमध्ये एका मोठ्या मोबाइल कंपनीच्या एक्स्चेंजमधली कायदेशीर टॅपिंगची सोय कुणीतरी गुपचूप ताब्यात घेतली आणि पंतप्रधानांसह शंभरावर लोकांचे फोन महिनोन्‌महिने ऐकले. ती सोय पोलिसांसाठीच तयार केलेली होती.

एका व्यापारी उत्पादनाचं उदाहरण इथे द्यायलाच हवं. लोटस नोट्स हे ईमेल आणि कार्यालयीन कामाचं सॉफ्टवेअर त्या काळी जगभर वापरलं जायचं. १९९६ च्या सुरुवातीला त्याच्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत ६४ बिटांची चावी आली, पण त्यातले २४ बिट अमेरिकी सरकारच्या सार्वजनिक चावीने, म्हणजे फक्त त्या सरकारलाच उघडता येतील असे, बंद करून प्रत्येक संदेशासोबत जायचे. बाकीच्या जगासाठी चावी ६४ बिटांची. एनएसएसाठी मात्र फक्त ४० बिट शोधायचे उरत. कंपनीने हे लपवलं नव्हतं, जाहीरपणे सांगितलं होतं. तरीही १९९७ च्या अखेरीस स्वीडनच्या वृत्तपत्रात याची बातमी आली तेव्हा तिथे खळबळ माजली, कारण संसद आणि करखातं तेच सॉफ्टवेअर वापरत होतं. परवान्याच्या कागदपत्रांत काय लिहिलंय आणि खरेदी करणाऱ्याला काय कळलंय, यात एवढं अंतर असू शकतं. ४० बिट म्हणजे किती कमजोर, हेही तोवर सगळ्यांना दिसलं होतं. ऑगस्ट १९९५ मध्ये फ्रान्सच्या दामियां दॉलिजे यांनी नेटस्केप या ब्राउझरच्या निर्यात आवृत्तीची अशी चावी शंभरावर संगणक वापरून आठ दिवसांत शोधली, आणि जानेवारी १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या इयन गोल्डबर्ग या विद्यार्थ्याने दुसऱ्या एका अल्गोरिदमची ४० बिटांची चावी साडेतीन तासांत. त्या काळी आपल्याकडे येणारे ब्राउझरही याच निर्यात आवृत्तीचे असत.

राहिला ‘ऐच्छिक’ हा शब्द. योजना ऐच्छिक असेल तर गुन्हेगार ती निवडणारच नाही. पीजीपीसारखं मजबूत एन्क्रिप्शन करणारं सॉफ्टवेअर १९९१ पासून फुकट उपलब्ध होतं. मग पकडलं कोण जाणार? हा प्रश्न सरकारमधल्या जाणकारांनाही पडला होता. माहितीच्या अधिकाराखाली १९९५ मध्ये बाहेर आलेल्या कागदपत्रांतून दिसलं की १९९३ मध्येच, क्लिपर जाहीर होण्यापूर्वी, एफबीआय आणि सोबतच्या यंत्रणांचा निष्कर्ष असा होता: हा उपाय प्रत्येक एन्क्रिप्शन उत्पादनात बसवला तरच उपयोगी ठरेल. म्हणजे सक्ती. लोकांचा उरलासुरला विश्वास या कागदपत्रांनी घालवला, आणि ‘लपवण्यासारखं काही नाही त्याला काय अडचण’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. अडचण कायदा पाळणाऱ्यालाच होती. त्याच्याच चाव्या जमा होणार होत्या.

पोलिसांची बाजू खोटी होती असं मी म्हणणार नाही. अपहरणाच्या प्रकरणात दूरध्वनी ऐकता आला म्हणून जीव वाचतात. एफबीआयचे प्रमुख लुई फ्री हे हीच भीती काँग्रेससमोर वारंवार मांडत होते, आणि डोरोथी डेनिंग यांच्यासारख्या अभ्यासक प्राध्यापिका क्लिपरच्या बाजूने प्रामाणिकपणे उभ्या होत्या. म्हणूनच मला १९९६ चा अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचा अहवाल महत्त्वाचा वाटतो. त्या समितीतल्या सोळापैकी तेरा सदस्यांना गोपनीय माहिती पाहण्याची परवानगी मिळाली होती, त्यामुळे ‘आम्हाला जे माहीत आहे ते तुम्हाला माहीत नाही’ हे त्यांना ऐकवता येत नव्हतं. सगळं पाहून त्यांनी सांगितलं की मजबूत एन्क्रिप्शनचा प्रसार झाल्याने देशाचं एकूण भलं होईल, देशात कुठल्याही एन्क्रिप्शनवर बंदी नसावी, आणि एस्क्रो करून बघायचाच असेल तर सरकारने आधी स्वतःच्या कामात वापरून बघावा. मीही हेच सांगितलं असतं.

शेवट मग लवकर आला. जुलै १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांच्या संघटनेने अडीच लाख डॉलरच्या आत बांधलेल्या यंत्राने डीईएस या त्या काळच्या प्रचलित अल्गोरिदमची ५६ बिटांची चावी ५६ तासांत शोधली. म्हणजे वचनाच्या बदल्यात जी सवलत मिळत होती, तिची किंमतच उरली नाही. फ्रान्सने १९९९ च्या सुरुवातीला आपली कडक बंधनं सैल केली, ब्रिटनने एस्क्रोची सक्ती सोडून दिली. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेने धोरण बदलल्याचं जाहीर केलं आणि जानेवारी २००० मध्ये नवे निर्यात नियम आले.

भारताचा संबंधही तुम्ही विचारलाय. आपल्या इंटरनेट सेवा पुरवठादारांच्या परवान्यात अट होती: ४० बिटांपर्यंतचं एन्क्रिप्शन परवानगीशिवाय, त्याहून मोठं वापरायचं तर परवानगी घ्या आणि उलगडण्याची चावी दोन भागांत करून दूरसंचार खात्याकडे जमा करा. हा कागदावरचा की एस्क्रोच होता. आणि जून २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने इंटरनेट बँकिंगसाठी किमान १२८ बिटांचं एसएसएल, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधलं एन्क्रिप्शन, सांगितलं. दोन्ही नियम एकाच वेळी अस्तित्वात होते. सप्टेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा आला. त्यात चावी मागितली नव्हती, पण एन्क्रिप्ट केलेल्या संदेशांचा साधा मजकूर वापरकर्त्यांनी ९० दिवस जपून ठेवावा आणि मागितल्यास दाखवावा असं होतं. म्हणजे चावीऐवजी उघडी माहितीच. एवढा गदारोळ झाला की २२ सप्टेंबरला मंत्री रविशंकर प्रसाद यांनी मसुदा मागे घेत असल्याचं सांगितलं. आज आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली माहिती उलगडून देण्याचा आदेश निघू शकतो, पण तो आदेश ज्याच्याकडे चावी आहे त्याला दिला जातो. आधीपासून सगळ्यांच्या चाव्या गोळा करून ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे. चर्चा करताना हा फरक हातातून निसटू देऊ नका.

शेवटी तुमच्या ऑफिसपुरतं. लॅपटॉपच्या रिकव्हरी की ठेवा, पण त्या जिथे साठवल्या आहेत तिथून कोणकोण वाचू शकतं याची यादी आजच काढून बघा. बहुतेक ठिकाणी हेल्पडेस्कच्या प्रत्येकाला तो अधिकार दिलेला असतो. प्रत्येक वापराची नोंद राहते का आणि ती नोंद आयटीच्या बाहेरचं कुणी तपासतं का ते विचारा. एकदा वापरलेली रिकव्हरी की लगेच बदलून घ्या. डिजिटल सहीच्या खासगी चावीची प्रत मात्र कुणाकडेच ठेवू नका, मालकाच्या सोयीसाठीही नाही. ती हरवली तर जुनी रद्द करून नवी काढता येते. प्रत असेल तर सही नेमकी कुणी केली हे न्यायालयात सिद्ध करणं अवघड होतं. आणि सर्व्हरच्या टीएलएस (एसएसएलची पुढची आवृत्ती) सेशनच्या चाव्या साठवून ठेवायला कुणी सांगितलं तर आधी कारण लेखी मागा. टीएलएस १.३ मध्ये त्या चाव्या प्रत्येक जोडणीसाठी नव्याने तयार होतात आणि जोडणी संपली की टाकून द्यायच्या असतात. त्या साठवायला जे वेगळं यंत्र बसवाल, त्याची राखण मुख्य चावीइतकीच करावी लागेल.